विस्मरण, बाजारपेठ आणि पुनर्प्रकाशन : कँडी स्टेटन यांच्या दक्षिणी सोल गायनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विसाव्या शतकातील लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची भिस्त सामान्यतः लिखित साधनांवर असते. वृत्तपत्रे, मुलाखती, करारपत्रे, विक्रीच्या याद्या हे सारे तपासले जाते. परंतु जुनी गाणी एकत्र करून नव्याने बाजारात आणलेली ध्वनिमुद्रिका मात्र केवळ व्यापारी वस्तू समजून बाजूला ठेवली जाते. वस्तुतः अशा संकलनात निवड असते, क्रम असतो, कालखंडाची चौकट असते आणि वगळणूकही असते. इतिहासग्रंथात जे जे असते ते बहुतेक येथेही असते. फरक इतकाच, की ग्रंथकाराला आपल्या निवडीचे समर्थन द्यावे लागते. संकलकाकडे ते कोणी मागत नाही.

२००४ मध्ये लंडनच्या ऑनेस्ट जॉन्स या संस्थेने ‘कँडी स्टेटन’ या नावाचे एक संकलन प्रकाशित केले. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जन्मलेल्या या कृष्णवर्णीय गायिकेने १९६९ ते १९७४ च्या सुमारास फेम या स्टुडिओत गायिलेली गाणी त्यात आहेत. दक्षिणी सोल परंपरेतील एका विस्मृत गायिकेचा पुनर्शोध, असे या संकलनाचे स्वागत झाले. येथे एक विसंगती नमूद करणे आवश्यक आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘सेक्स अँड द सिटी’ या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या अखेरच्या भागात याच गायिकेचा आवाज जगभरच्या प्रेक्षकांनी ऐकला होता. अमेरिकेतील ख्रिस्ती दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना तर त्यांचा चेहराही परिचित होता. मग विस्मृत झाले होते ते काय, आणि कोणाच्या स्मृतीतून? या प्रश्नाच्या अनुरोधाने सदर संकलनाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

‘सोल’ ही संज्ञा येथे थोडक्यात स्पष्ट करणे योग्य होईल. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल गायनाची आर्त शैली आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे लौकिक नृत्यसंगीत यांच्या संयोगातून १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा प्रकार आकाराला आला. डेट्रॉइट, शिकागो यांसारख्या उत्तरेकडील शहरांत त्याला नेटके, शहरी वळण मिळाले. मेम्फिस आणि अलाबामातील मसल शोल्स येथे मात्र तो चर्चच्या अधिक जवळ राहिला, आणि त्याच वेळी गोऱ्या ग्रामीण समाजाच्या कंट्री संगीताशीही त्याचे नाते जडले. हाच दक्षिणी सोल होय.

चर्चमधील घडण

कँडी स्टेटन यांचा जन्म १९४० मध्ये अलाबामातील हॅन्सव्हिल या लहान गावी झाला. बालपणीच आईबरोबर त्या उत्तरेकडील क्लीव्हलँड शहरात आल्या. तेथील चर्चमध्ये त्या आणि त्यांची बहीण मॅगी गात असत. या आवाजांची पारख बिशप ज्युएल या स्त्री-धर्मगुरूंनी केली आणि दोघी बहिणींना नॅशव्हिल येथील आपल्या निवासी शाळेत आणले. तेथे ‘ज्युएल गॉस्पेल ट्रायो’ हा मुलींचा संघ तयार झाला. १९५० च्या दशकात या संघाने नॅशबोरो व अन्य कंपन्यांसाठी ध्वनिमुद्रणे केली, आणि महालिया जॅक्सन, सोल स्टरर्स यांसारख्या त्या काळच्या अग्रगण्य गॉस्पेल कलावंतांबरोबर दौरेही केले. बिशप ज्युएल यांच्या पंथात उपासनेच्या वेळी स्टील गिटार वाजविण्याची परंपरा होती. हे वाद्य एरवी गोऱ्यांच्या कंट्री संगीताची खूण मानले जाते. कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या संगीतांत भिंत होती, असे गृहीत धरून लिहिलेल्या इतिहासाला हा एक तपशील पुरेसा अडचणीचा आहे. स्टेटन यांनी पुढे कंट्री गीते सहजपणे गायिली याचे आश्चर्य समीक्षकांनी केले. त्यांच्या शाळेचा इतिहास पाहिला असता तर ते आश्चर्य उरले नसते.

विवाह, संसार आणि चार मुलांचे संगोपन यांत बरीच वर्षे गेली. विवाह मोडल्यानंतर उपजीविकेसाठी त्या लौकिक गायनाकडे वळल्या. बर्मिंगहॅम शहरातील एका क्लबात क्लॅरेन्स कार्टर या अंध गायकाशी त्यांची ओळख झाली. हे तेच बर्मिंगहॅम, जेथे १५ सप्टेंबर १९६३ रोजी सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार कृष्णवर्णीय मुली मृत्युमुखी पडल्या होत्या. कार्टर त्या वेळी फेम स्टुडिओसाठी गात असत. स्टुडिओचे मालक व निर्माते रिक हॉल यांच्याकडे त्यांनीच स्टेटन यांना नेले.

मसल शोल्स येथील उत्पादनपद्धती

टेनेसी नदीच्या काठी फ्लॉरेन्स, शेफील्ड, टस्कम्बिया आणि मसल शोल्स ही चार लहान गावे एकमेकांना लागून वसलेली आहेत. ना मोठे शहर, ना संगीत उद्योगाची पूर्वपरंपरा. फ्लॉरेन्समध्ये सुरू झालेली ‘फ्लॉरेन्स अलाबामा म्युझिक एंटरप्रायझेस’ अर्थात फेम ही संस्था रिक हॉल या गोऱ्या, गरिबीतून वर आलेल्या माणसाने पुढे एकट्याने चालविली. १९६१ मध्ये तंबाखूच्या एका जुन्या गोदामात आर्थर अलेक्झांडर या कृष्णवर्णीय गायकाचे ‘यू बेटर मूव्ह ऑन’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. त्याच्या यशातून हॉल यांनी स्वतःच्या स्टुडिओची इमारत उभी केली. जानेवारी १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिन येथे गायिल्या आणि या गावाचे नाव सर्वतोमुखी झाले.

अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी जून १९६३ मध्ये राज्य विद्यापीठाच्या दारात उभे राहून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या प्रवेशाला विरोध केला होता. त्याच राज्यात गोरे वादक आणि कृष्णवर्णीय गायक एका खोलीत बसून काम करीत होते, ही वस्तुस्थिती आहे आणि ती महत्त्वाचीही आहे. मात्र तिच्या आधारे वांशिक सलोख्याची जी मनोहर कथा रचली गेली, तिच्याबाबत सावधगिरी बाळगावी लागते. चार्ल्स ह्यूज यांनी ‘कंट्री सोल’ (२०१५) या ग्रंथात ही कथा तपासली आहे. स्टुडिओ हे प्रथम कामाचे ठिकाण होते. तेथील सहकार्य खरे असले तरी मालकी, निर्मिती आणि त्यातून मिळणारी पुढील संधी यांची वाटणी समान नव्हती, ही त्यांच्या प्रतिपादनाची दिशा ग्राह्य वाटते.

स्टेटन यांच्या संदर्भात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. फेमची कीर्ती ज्या चार गोऱ्या वादकांशी निगडित आहे, ते बॅरी बेकेट, रॉजर हॉकिन्स, जिमी जॉन्सन आणि डेव्हिड हूड १९६९ मध्ये हॉल यांना सोडून गेले आणि शेफील्ड येथे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. त्यानंतर हॉल यांनी ‘फेम गँग’ या नावाने ओळखला जाणारा नवा वादकसंघ उभारला. ड्रम वाजविणारे फ्रीमन ब्राऊन, बास गिटारवादक जेसी बॉइस, कीबोर्डवादक क्लेटन आयव्ही, गिटारवादक ज्युनिअर लो आणि हॅरिसन कॅलोवे यांच्या नेतृत्वाखालील फुंकवाद्यांचा ताफा अशी त्याची रचना होती. या संघात गोऱ्यांबरोबर कृष्णवर्णीय वादकही होते. स्टेटन यांच्या फेम येथील बहुतांश गाण्यांना साथ आहे ती याच संघाची. प्रचलित इतिहासात मात्र गेलेल्या चौघांचे नाव राहिले, आणि वांशिकदृष्ट्या खरोखर संमिश्र असलेला हा संघ दुय्यम ठरला. सलोख्याची कथा सांगणाऱ्यांनी ज्या संघाला ती अधिक लागू पडते त्यालाच विसरावे, यात एक उपरोध आहे.

आवाज : भावना आणि श्रम

१९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आय’ड रादर बी अ‍ॅन ओल्ड मॅन्स स्वीटहार्ट’ या पहिल्या गाण्याने स्टेटन यांना कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या लोकप्रियता यादीत पहिल्या दहांत स्थान मिळवून दिले. तरुणाच्या हातचे बाहुले होण्यापेक्षा वृद्धाची प्रेयसी होणे बरे, असे ठणकावून सांगणारी या गाण्यातील स्त्री रडत नाही, हिशेब मांडते. त्यानंतर ‘आय’म जस्ट अ प्रिझनर’, ‘स्वीट फीलिंग’, टॅमी वायनेट यांचे कंट्री गीत ‘स्टँड बाय युअर मॅन’, हार्लन हॉवर्ड यांचे ‘ही कॉल्ड मी बेबी’ आणि मॅक डेव्हिस यांचे ‘इन द घेट्टो’ (१९७२) ही गाणी आली. ‘स्टँड बाय युअर मॅन’ आणि ‘इन द घेट्टो’ यांना ग्रॅमी पारितोषिकासाठी नामांकनही मिळाले.

‘स्टँड बाय युअर मॅन’चा विचार जरा सविस्तर करण्याजोगा आहे. १९६८ मध्ये टॅमी वायनेट यांनी हे गाणे गायिले तेव्हा पतीच्या पाठीशी उभे राहण्याचा तो उपदेश स्त्रीमुक्तीच्या चळवळीला रुचला नव्हता. स्टेटन यांच्या आवाजात शब्द तेच राहतात, परंतु फुंकवाद्यांच्या जोरकस साथीमुळे आणि ओळीच्या शेवटी आवाज फाटू देण्याच्या गॉस्पेल पद्धतीमुळे त्यातील आज्ञाधारकपणा टिकत नाही. उपदेश करणारी स्त्री त्या उपदेशाची किंमत स्वतः मोजून आलेली आहे, असे ऐकणाऱ्याला जाणवते.

हा फाटलेला, घोगरा स्वर हेच स्टेटन यांच्या गायनाचे वैशिष्ट्य मानले जाते आणि संग्राहकांच्या दृष्टीने तो अंतःकरणातील वेदनेचा थेट पुरावा असतो. स्टेटन यांनी उत्तरायुष्यातील मुलाखतींत त्याची एक वेगळी बाजू सांगितली आहे. हॉल एकच गाणे पुन्हा पुन्हा गाऊन घेत आणि आवाज बसू लागला की तेव्हाचे ध्वनिमुद्रण पसंत करीत. म्हणजे ज्याला उत्स्फूर्तता म्हणून गौरविले जाते, त्यात तासन्तासांचे श्रम आणि निर्मात्याचा हेतुपुरस्सर निर्णय यांचाही वाटा आहे. यामुळे त्या गायनाचे मोल कमी होत नाही. उलट थकलेल्या गळ्यानेही सूर आणि शब्दांचा अर्थ न सोडणे ही चर्चमधील दीर्घ शिक्षणाची कमाई आहे. परंतु ‘अस्सल’ या विशेषणाने हे श्रम झाकले जातात. बहुतेक गाणी जॉर्ज जॅक्सन यांच्यासारख्या स्टुडिओच्या पगारी पुरुष गीतकारांनी लिहिलेली होती. तरीही गायिकेचे आत्मकथन म्हणूनच ती ऐकली गेली. त्यामुळे कारागिरीचे श्रेय निर्मात्याकडे गेले आणि गायिकेच्या वाट्याला दुःख तेवढे उरले.

विस्मरणाची आर्थिक कारणे

‘श्रोत्यांची अभिरुची बदलली’ हे विस्मरणाचे नेहमी दिले जाणारे कारण येथे अपुरे पडते. फेम ही छोटी संस्था होती आणि तिच्या ध्वनिमुद्रिका देशभर पोहोचविण्यासाठी मोठ्या कंपनीशी वितरण करार करावा लागे. १९६९ पासून हे काम कॅपिटॉलकडे होते, १९७२ मध्ये ते युनायटेड आर्टिस्ट्सकडे गेले आणि १९७४ मध्ये ‘कँडी’ ही ध्वनिमुद्रिका वॉर्नर ब्रदर्सच्या नावाने निघाली. निर्माता तोच, स्टुडिओ तोच; तबकडीवरील नाव मात्र तिसरे. कोणत्याही एका कंपनीच्या दृष्टीने स्टेटन यांची गाणी आपली संपूर्ण ठेव नव्हती. दुकानातील प्रती संपल्यावर नव्या प्रती काढण्यात कोणालाच विशेष हितसंबंध उरला नाही. त्यातच १९७१ मध्ये फेममध्येच ध्वनिमुद्रित झालेल्या ऑस्मंड बंधूंच्या ‘वन बॅड अ‍ॅपल’ला सर्वाधिक लोकप्रिय गाण्याचे स्थान मिळाले आणि हॉल यांचे लक्ष गोऱ्या श्रोत्यांच्या पॉप संगीताकडे वळले. हे गाणे जॉर्ज जॅक्सन यांचेच होते.

गायिकेच्या उत्पन्नाचा प्रश्नही याला जोडून येतो. अमेरिकेत रेडिओवर ध्वनिमुद्रिका वाजविल्याबद्दल गीतकाराला व प्रकाशकाला मोबदला मिळे. गायकाला मिळत नसे. फेमची स्वतःची गीतप्रकाशन संस्था होती. साहजिकच गाणे लोकांच्या कानी पडत राहिले तरी ते गाणाऱ्या स्त्रीच्या हाती त्यातून फारसे काही येण्याची व्यवस्थाच नव्हती. पुढील गाणे, पुढील दौरा, पुढील कंपनी यांच्या मागे धावणे तिला क्रमप्राप्त होते.

तीन श्रोतृवर्ग

१९७६ मध्ये डेव्हिड क्रॉफर्ड यांनी लिहिलेल्या व निर्मिलेल्या ‘यंग हार्ट्स रन फ्री’ या गाण्याने स्टेटन यांना अभूतपूर्व यश दिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत ते पहिल्या आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. डिस्कोच्या तालावरील या गाण्याचा आशय मात्र सुखाचा नाही. स्टेटन यांच्या त्रासदायक वैवाहिक जीवनाविषयी त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून ते लिहिले गेले. नाचणाऱ्या गर्दीला त्याची जाणीव कितपत होती हा भाग वेगळा.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी त्या पुन्हा धर्माकडे वळल्या, लौकिक गायन थांबविले आणि ‘मेक मी अ‍ॅन इन्स्ट्रुमेंट’ (१९८३) सारख्या गॉस्पेल ध्वनिमुद्रिका काढू लागल्या. ख्रिस्ती दूरचित्रवाणीवर त्यांचा कार्यक्रमही होत असे. याच काळात, १९८६ मध्ये, त्यांनी ‘यू गॉट द लव्ह’ हे भक्तिपर गाणे गायिले. वादकांनी नव्हे तर क्लबात तबकड्या वाजविणाऱ्यांनी त्यातील केवळ गळा घेऊन शिकागोच्या हाऊस संगीताच्या तालावर बसविला, आणि १९९१ मध्ये त्या रूपात ते ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेले.

अशा रीतीने तीन श्रोतृवर्ग निर्माण झाले. नृत्यगृहातील तरुणांना त्यांचा आवाज ठाऊक होता, चर्चमधील कुटुंबांना त्या स्वतः ठाऊक होत्या आणि जुन्या तबकड्या जमविणाऱ्या मूठभर संग्राहकांना फेमची गाणी ठाऊक होती. या तिन्ही वर्गांचा परस्परांशी जवळजवळ संबंध नव्हता. विस्मृत झाला होता तो या तीन आयुष्यांना जोडणारा धागा, गायिका नव्हे.

लंडनमधील संकलन

दक्षिणी सोलच्या पुनर्शोधाचे केंद्र लंडनमध्ये असावे, हे वरकरणी विचित्र वाटते. मात्र ब्रिटिश संग्राहकांची परंपरा जुनी आहे. ‘नॉर्दर्न सोल’ आणि ‘डीप सोल’ या दोन्ही संज्ञा रूढ करणारे डेव्ह गॉडिन हे इंग्रज होते; १९९७ पासून त्यांनी केंट लेबलसाठी ‘डीप सोल ट्रेझर्स’ ही संकलनमाला सिद्ध केली. २००४ मध्येच त्यांचे निधन झाले. ऑनेस्ट जॉन्स हे १९७४ पासून चालणारे पोर्टोबेलो रोडवरील तबकड्यांचे दुकान. गायक डेमन अल्बार्न यांच्या सहभागाने त्याचे स्वतंत्र लेबल सुरू झाले. स्टेटन यांच्याबरोबरच बेटी स्वान आणि विली हायटॉवर या कॅपिटॉलशी संबंधित अन्य दोन गायकांची संकलनेही या लेबलने त्याच सुमारास काढली. यावरून ही निवड केवळ एका आवाजाच्या प्रेमातून नव्हे, तर एका कंपनीच्या दुर्लक्षित कोठाराचा पद्धतशीर शोध घेण्यातून झाली असावी, असे अनुमान करता येते.

या संकलनाचे मोल निर्विवाद आहे. पीटर गुरालनिक यांच्या ‘स्वीट सोल म्युझिक’ (१९८६) या मान्यवर ग्रंथाने दक्षिणी सोलच्या इतिहासाची चौकट घालून दिली होती. तिच्या केंद्रस्थानी ओटिस रेडिंग, सोलोमन बर्क यांच्यासारखे पुरुष गायक आणि अरीथा फ्रँकलिन हा एक अपवाद, असे सर्वसाधारण चित्र आहे. स्टेटन यांची गाणी एकत्र ऐकता आल्यानंतर या चित्रात दुरुस्ती करणे अटळ झाले. सुटी, विखुरलेली गाणी हा निव्वळ संग्राहकांचा ऐवज असतो. सलग ऐकली की त्यांतून एक कलावंत दिसू लागते. ग्रंथांनी जे साधले नव्हते ते येथे एका सीडीने साधले.

त्याचबरोबर शीर्षकाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. संकलनाला कालखंडाचे वा स्टुडिओचे नाव नाही. केवळ ‘कँडी स्टेटन’ एवढेच आहे. अर्धशतकाहून अधिक लांबीच्या गायनजीवनातील जेमतेम पाच वर्षे म्हणजे संपूर्ण कँडी स्टेटन, असा त्याचा अर्थ होतो. बालपणाचे गॉस्पेल, डिस्को आणि नंतरची भक्तिगीते या चौकटीबाहेर राहिली. त्यामागे हक्कांची अडचण होती हे उघड आहे. परंतु संग्राहकांच्या अभिरुचीशी ती सोयीस्करपणे जुळणारीही होती. नृत्यसंगीत उथळ, धर्मप्रचार अनाकर्षक आणि जुने दुःख तेवढे अस्सल, ही श्रेणी त्या अभिरुचीत आधीपासून होती. वयाच्या साठीत असलेल्या, स्वतःला प्रथम धर्मसेविका मानणाऱ्या स्त्रीची ओळख तिने मागे टाकलेल्या गाण्यांवरून नव्याने ठरविली गेली.

२००४ नंतर

तथापि स्टेटन यांनी ही नवी ओळख निमूटपणे स्वीकारली असे म्हणता येत नाही. त्यांनी तिचा उपयोग करून घेतला. संकलनाच्या यशानंतर त्यांनी ऑनेस्ट जॉन्ससाठीच नॅशव्हिलमध्ये मार्क नेव्हर्स यांच्या निर्मितीखाली ‘हिज हँड्स’ (२००६) ही ध्वनिमुद्रिका केली. विल ओल्डहॅम यांनी लिहिलेल्या शीर्षकगीतात हिंसक पुरुषाचे हात आणि ईश्वराचे हात एकाच शब्दातून येतात. फेमची गाणी आणि चर्च यांना संकलनाने वेगळे ठेवले होते. या गीतात ती दोन्ही एकत्र आली. ‘हू’ज हर्टिंग नाऊ’ (२००९) नंतर २०१४ च्या ‘लाइफ हॅपन्स’मध्ये त्यांनी रिक हॉल यांच्याबरोबर पुन्हा काम केले. हॉल यांचे २ जानेवारी २०१८ रोजी निधन झाले.

दरम्यान २०११ मध्ये केंट लेबलने ‘एव्हिडन्स : द कम्प्लीट फेम रेकॉर्ड्स मास्टर्स’ हा दोन सीडींचा, ४८ गाण्यांचा संच प्रसिद्ध केला. पूर्वी कधीच न निघालेली काही गाणीही त्यात आहेत. २००४ च्या निवडीची जागा आता समग्रतेने घेतली. हॉल यांनी काय प्रसिद्ध केले आणि काय कपाटात ठेवले, हे अभ्यासकाला प्रथमच ताडून पाहता आले. ज्युएल गॉस्पेल ट्रायोची ध्वनिमुद्रणे मात्र याही संचात नाहीत. ती नॅशबोरोसारख्या गॉस्पेल कंपन्यांच्या मालकीची आहेत, फेमच्या फितींवर ती कधी नव्हतीच.